'ढ' म्हणण्यापूर्वी

घटकराज्य दिनाचा मुहूर्त साधून ३० मे २०२५ रोजी गोवा राज्य संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा करण्यात आली. साक्षरतेचे प्रमाण ९९.७२ टक्के असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. २०११ च्या जनगणनेत हेच प्रमाण ८८.७० टक्के होते हे ध्यानात घेतले, म्हणजे मधल्या काळात स्वयंसेवकांनी, पंचायतींनी आणि शिक्षकांनी केलेल्या खटपटीला दाद द्यावयासच हवी. शुभप्रसंगी कुरकुर करणे हे संपादकांचे व्यसनच असते, असा आक्षेप आमच्यावर येईल हे आम्ही जाणून आहोत. तथापि 'साक्षर' या शब्दाचा सरकारी अर्थ एक आणि 'वाचता येणे' याचा शाळामास्तरांना ठाऊक असलेला अर्थ दुसरा. या दोहोंच्या मधल्या जागेत कितीतरी मुले आणि त्याहूनही अधिक मोठी माणसे मुकाट्याने उभी आहेत. हजेरीपटावर त्यांची नावे आहेत, वरच्या वर्गात त्यांना ढकललेही जाते, सही त्यांना करता येते. परंतु वर्तमानपत्राचा एक रकाना पुढे केला, की त्यांना चष्मा घरी राहिल्याची आठवण होते.

अशा मुलांसाठी मराठीने एक एकाक्षरी शब्द तयार करून ठेवला आहे. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंतच्या प्रवासात बाकीची अक्षरे बदलली, 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून वर्षानुवर्षे जो जागचा हलत नाही तो 'ढ', अशी त्याची उपपत्ती सांगतात. उपपत्ती खरी असो वा नसो, गमतीची खचितच आहे. मात्र ती ज्याच्या कपाळी चिकटते त्याला तिच्यात काही गंमत वाटत नाही. शेणवीमामांच्या शाळेपासून आजच्या टायवाल्या शाळेपर्यंत पोशाख बदलले, माध्यमे बदलली, छडी कायद्याने गेली. पण फळ्यावरचे वाक्य वाचता न येणाऱ्या मुलाविषयीचा निवाडा बदललेला नाही. तो आळशी आहे, त्याचे लक्ष नाही, किंवा त्याला बुद्धीच बेताची आहे, या तीन कलमांखाली त्याची बोळवण होते. या तिन्ही कलमांच्या बाहेरचे एक चौथे कारण असू शकते, हे जगातल्या वैद्यकाने सव्वाशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे. आमच्या शाळांच्या पायऱ्या चढावयास त्याला अजून पुरती सवड झालेली नाही.

ती नोंद मुळातून सांगण्याजोगी आहे. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील सीफर्ड या समुद्रकाठच्या गावी प्रिंगल मॉर्गन नावाचे डॉक्टर होते. ७ नोव्हेंबर १८९६ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी पर्सी या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, नजर उत्तम. सात वर्षे शाळेने व खासगी शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. लहानसहान शब्दही त्याला ओळखता येत नसत. स्वतःचे नाव लिहिताना तो दोन अक्षरांची अदलाबदल करी आणि 'पर्सी'चे 'प्रेसी' होई. चूक दाखवून दिली तरी ती त्याच्या चटकन लक्षात येत नसे. पण ७४९ ला ८६७ ने गुणावयास सांगितले, तेव्हा त्याने ते झटपट आणि बिनचूक गुणून दाखविले. (वाचकांनी कागदपेन्सिल घेऊन प्रयत्न करून पाहावा, उत्तर ६,४९,३८३ यावयास हवे.) सारे शिक्षण तोंडी दिले गेले असते तर हा मुलगा शाळेतला सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नमूद केले आहे. त्या शिक्षकाविषयी आम्हांला विशेष आदर वाटतो. त्या काळच्या इंग्रजी शाळाही छडीसाठीच प्रसिद्ध होत्या. तरीही मुलाचे अपयश आणि मुलाची बुद्धी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा विवेक त्याने दाखविला.

मॉर्गन यांनी या अवस्थेला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. शब्दांधत्वाची कल्पना कुसमाउल या जर्मन वैद्याने १८७७ मध्येच मांडलेली होती. पण ती मेंदूला इजा झाल्यावर वाचन गमावून बसलेल्या प्रौढांविषयी होती. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, स्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी 'डिस्लेक्सिया' हा शब्द वापरला आणि पुढे तोच रूढ झाला. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवूड यांनी १९१७ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. आरंभीचे हे संशोधक बव्हंशी डोळ्यांचे डॉक्टर, आणि ते साहजिकच होते. वाचता येत नाही म्हटल्यावर माणूस मुलाला घेऊन प्रथम डोळ्यांच्याच डॉक्टरकडे धाव घेतो. परंतु त्यामुळे दोष नजरेत आहे, अक्षरे मुलाला उलटी दिसतात, ती कागदावर नाचतात, ही समजूत जी एकदा पसरली ती अद्याप पुसली गेलेली नाही. अमेरिकेतील फ्रँक व्हेलुटिनो यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्या मुलांपुढे त्यांनी हिब्रू अक्षरे ठेवली. ही लिपी कोणाच्याच ओळखीची नव्हती. क्षणभर दाखविलेली अक्षरे आठवून काढावयास सांगितल्यावर ही मुले इतर मुलांइतकीच सरस ठरली. डोळे आकार बरोबर टिपत होते. घोटाळा होता तो आकाराला ध्वनीची गाठ मारण्यात.

गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचे सार जर एका वाक्यात सांगावयाचे, तर ते हे की वाचनाची अडचण बहुतांशी कानामागच्या कारखान्यातली आहे. कान नीट ऐकतो. पण ऐकलेल्या शब्दाचे सुटे भाग करणे, ते मनात धरून ठेवणे, मागेपुढे हलविणे आणि चिन्हाशी जोडणे हे काम या मुलांच्या मेंदूत सफाईने होत नाही. मराठी वाचकांना हे समजावून देण्यास परदेशी उदाहरणाची गरज नाही. आपल्याकडे पोरे 'च'ची भाषा बोलतात. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यावयाचे आणि रिकाम्या जागी 'च' बसवावयाचा. 'कमळ'चे 'चमळक' होते. वडीलधाऱ्यांना कळू नये म्हणून योजलेली ही युक्ती म्हणजे ध्वनींच्या हाताळणीची पहिल्या प्रतीची कसोटी आहे. इतर पोरे दोन दिवसांत तिच्यात पारंगत होत असता एखादे मूल नुसतेच हसत बाजूला उभे राहते. भेंड्या लावताना ज्याला शेवटचे अक्षर पकडता येत नाही. यमक जुळले की नाही हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे जाणत्या शिक्षकाने जरा निरखून पाहावे. तेवढ्यावरून निदान करू नये, पण पाहावे.

ही निव्वळ अटकळ नव्हे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात मैलाचा दगड मानला जातो. वाचावयास शिकण्यापूर्वीच, चारपाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांची ध्वनी ओळखण्याची पारख त्यांनी केली आणि पुढे चार वर्षे त्यांचा मागोवा घेतला. आरंभी ज्यांना शब्दांतले सारखे-वेगळे ध्वनी कळत नव्हते तीच मुले पुढे वाचनात मागे पडली. त्यांतल्या ६५ मुलांना वेगवेगळ्या गटांत शिकविण्यात आले, तेव्हा ध्वनींचा सराव आणि त्याच्या जोडीला हाताने हलविण्याजोगी प्लॅस्टिकची अक्षरे असा दुहेरी अभ्यास ज्यांना मिळाला त्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली. म्हणजे अडचण आधी ओळखता येते आणि योग्य शिकवणीने ती हलकीही करता येते. चाळीस वर्षांहून अधिक काळ हे ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध आहे.

वाचन ही मुळात निसर्गाने दिलेली शक्ती नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. बोलणे मूल आपोआप शिकते. लिपी मात्र माणसाने अवघ्या पाचएक हजार वर्षांपूर्वी शोधली, आणि तिच्यासाठी मेंदूत स्वतंत्र दालन असण्याचा संभवच नाही. चेहरे व वस्तू ओळखण्यासाठी आणि बोली समजण्यासाठी असलेल्या यंत्रणेलाच वाचनाच्या कामाला जुंपावे लागते. ही जुंपणी कशी होते याचा एक उद्बोधक अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, सहा महिने देवनागरी शिकवून जर्मनी, नेदरलँड्स व भारत येथील संशोधकांनी त्यांच्या मेंदूची आधीची व नंतरची चित्रे ताडून पाहिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तेवढ्या अल्प अवधीत मेंदूच्या बाह्य पटलातच नव्हे, तर थॅलॅमस व मस्तिष्कस्तंभ या खोलवरच्या भागांच्या परस्परसंबंधातही बदल झाला होता. या शोधाचा आणखी एक अर्थ निघतो. डिस्लेक्सिया असलेल्यांच्या मेंदूच्या त्या भागांत दिसणारा वेगळेपणा हे वाचन न येण्याचे कारणच असेल असे नाही. वाचन कमी झाल्याचा तो परिणामही असू शकेल. संशोधनात कारण आणि परिणाम यांची अशी उलटापालट होत असते, म्हणून अंतिम शब्द कोणी उच्चारू नये हे बरे. आनुवंशिकतेचा हात मात्र निश्चित आहे. २०२२ मध्ये डिस्लेक्सियाचे निदान झाल्याचे सांगणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक प्रौढांची जनुकीय तुलना दहा लाखांवर इतर लोकांशी करण्यात आली, तेव्हा ४२ स्थाने संबंधित आढळली. एखादे एकच 'डिस्लेक्सियाचे जनुक' नाही, आणि आईवडिलांनी एकमेकांच्या घराण्याकडे बोट दाखविण्यातही काही हशील नाही.

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अडचण मेंदूतली असली तरी ती किती बाधते हे लिपीवर आणि भाषेवर अवलंबून असते. युरोपातील पहिल्या वर्षाच्या मुलांची वाचनशक्ती तपासणाऱ्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात फिनिश, ग्रीक आणि जर्मन मुले ओळखीच्या शब्दांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक शब्द बरोबर वाचत होती. पोर्तुगीज मुले ७३ टक्के. आणि इंग्रजी शिकणारी मुले? अवघे ३४ टक्के. ती मुले मंद नव्हती. त्यांच्या भाषेचे लेखन वेडेवाकडे आहे. एकच चार अक्षरांचा जुडगा एका शब्दात 'ओ', दुसऱ्यात 'ऊ' आणि तिसऱ्यात 'ऑफ' असा उच्चारला जातो, हे इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाने कधीतरी कपाळावर हात मारून पाठ केलेले आहे. डिस्लेक्सिया असलेल्या जर्मन व इंग्रज मुलांची तुलना १९९७ मध्ये झाली. मूळ उणीव दोघांचीही तीच, पण चुका इंग्रज मुलांच्या कितीतरी अधिक. जपानमध्ये वाढलेल्या एका इंग्रजीभाषक मुलाचे उदाहरण तर विलक्षण आहे. १९९९ मध्ये नोंदविलेला हा मुलगा जपानी उत्तम वाचत होता आणि इंग्रजीत मात्र पुरता डिस्लेक्सिक होता. एकाच डोक्यात एका लिपीपुरते अपंगत्व!

आपली देवनागरी या तराजूत कोठे बसते? सुदैवाने ती बरीचशी सरळ आहे. लिहिल्याप्रमाणे वाचावे, हा तिचा सामान्य नियम. तरीही तिच्या स्वतःच्या काही खाचाखोचा आहेत आणि त्या इंग्रजीच्या पुस्तकांतून कळावयाच्या नाहीत. रोमन लिपीला छप्पन्न नव्हे, फक्त सव्वीस अक्षरे. आपल्या बाराखडीचीच रूपे चारशेच्या घरात जातात, आणि जोडाक्षरे त्यांहून वेगळी. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की अक्षरांचा हा पसारा पुरता आत्मसात व्हावयास मुलांना पहिलीच नव्हे तर तिसरीचौथीपर्यंतची वर्षे लागतात, आणि व्यंजन-स्वर सुटे करून ऐकण्याची शक्तीही सावकाश येते. देवनागरीची घडण त्याच जातीची आहे. पहिली वेलांटी घ्या. 'कि' मध्ये ती 'क'च्या आधी दिसते आणि उच्चारली जाते मागाहून. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की हिंदी वाचणाऱ्यांना अशा शब्दांपाशी अधिक वेळ लागतो. रफाराचे उलट आहे. 'कर्म' म्हणताना 'र' आधी येतो आणि चिन्ह मात्र 'म'च्या डोक्यावर जाऊन बसते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांच्यातला फरक एका गाठीचा वा एका रेघेचा. त्यातून आपले ऱ्हस्व-दीर्घ! 'कवी' सुटा आला की समासात, यावरून वेलांटी पालटणारे आपले शुद्धलेखन कानाला न ऐकू येणाऱ्या भेदांसाठी गुण कापते. ध्वनी पकडण्याची ज्याला मुळातच मारामार, त्याच्या वहीवर तांबड्या शाईचा असा सडा पडतो की मूळ मजकूर शोधावा लागतो.

आणि तरीसुद्धा देवनागरीतले असे मूल बहुधा बुडत नाही. ते हळू वाचते, अडखळते, पण अक्षरामागून अक्षर लावीत पैलतीर गाठते. शिक्षकाला वाटते की सवयीने होईल. खरी आपत्ती पुढे येते. गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळा मराठीच्या वा कोंकणीच्या, आणि पाचवीपासून पुढचे शिक्षण जवळजवळ सर्वत्र इंग्रजी माध्यमाचे, ही आपली व्यवस्था आहे. घरी कोंकणी बोलणारे, शाळेत मराठी वाचावयास जेमतेम शिकलेले पेडण्याचे किंवा सत्तरीचे मूल दहाव्या वर्षी एकदम अशा भाषेत विज्ञान-भूगोल वाचू लागते, की जिचे लेखन जगातल्या सर्वांत आडमुठ्या लेखनांपैकी एक आहे. 'कॅट' या शब्दाचे देवनागरीत वाढलेले मूल दोन तुकडे ऐकते, 'कॅ' आणि 'ट'. इंग्रजी वाचावयाचे तर त्याला तीन ऐकू यावे लागतात. ज्याचा ध्वनींचा पाया भक्कम आहे ते हा ओढा उडी मारून ओलांडते. ज्याचा डळमळीत आहे ते नेमके येथे पडते, आणि चौथीपर्यंत बरे चाललेले पोर पाचवीत बिघडले असा शेरा घरी येतो. माध्यमाच्या वादात १९९० पासून आजवर या राज्यात मोर्चे निघाले, अनुदानाची धोरणे फिरली, सरकारे हादरली. त्या साऱ्या रणधुमाळीत या मुलाचा प्रश्न कोणत्याही बाजूने उपस्थित केला नाही. मराठीचा कैवार घेणाऱ्या आमच्यासारख्यांनाही तो करता आला असता. मातृभाषेच्या, किंवा तिला सर्वांत जवळच्या भाषेच्या सरळ लिपीत वाचन पक्के झाल्यावरच इंग्रजीचे ओझे चढवावे, याला भावनेखेरीज शास्त्राचाही आधार आहे.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे लिहिणे भाग आहे. डिस्लेक्सिया हा मुलांचा विकार, मुलींत तो क्वचित, असे दीर्घकाळ मानले जाई. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९८३ मध्ये बालवर्गात दाखल झालेल्या ४४५ मुलांचा पाठपुरावा सॅली शेविट्झ आणि त्यांचे सहकारी करीत आले आहेत. दुसरीत असताना त्यांनी स्वतः चाचण्या घेतल्या, तेव्हा ८.७ टक्के मुलगे आणि ६.९ टक्के मुली अडचणीत आढळल्या. म्हणजे फरक नाममात्र. शाळांनी मात्र त्याच वर्गांतून १३.६ टक्के मुलगे आणि अवघ्या ३.२ टक्के मुली हेरल्या होत्या. वाचता येत नाही म्हणून मुलगा बाक वाजवतो, मारामारी करतो, आणि त्याच्याकडे लक्ष जाते. मुलगी गप्प बसते. आपल्याकडे तर गप्प बसणाऱ्या मुलीला गुणी म्हणण्याची रीत आहे.

ही मुले मोठी होतात. अडचण त्यांच्याबरोबर मोठी होते, नाहीशी होत नाही. कनेक्टिकटच्या अभ्यासाने हेच दाखविले, की मागे पडलेला वाचक वर्षागणिक पुढे सरकतो खरा, पण इतरांमधले व त्याच्यातले अंतर आपोआप भरून निघत नाही. अर्ज भरावयास बँकेत शेजाऱ्याला नेणारा दुकानदार, बढतीची परीक्षा टाळणारा कारकून, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी मुलाकडून वाचून घेणारी आई, ही माणसे लपवाछपवीत अशी वाकबगार झालेली असतात की घरच्यांनाही पत्ता लागत नाही. पण मोठेपणीही मेंदू शिकतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांना आठ आठवडे ध्वनींवर आधारित शिकवणी दिली गेली. त्यांचे वाचन सुधारले आणि मेंदूच्या कार्यातही तसा बदल दिसून आला. साक्षरता मोहिमेतील जे प्रौढ पुनःपुन्हा वर्गाला येऊनही मूळाक्षरांपुढे सरकले नाहीत, त्यांची गणना 'निरुत्साही' या सदराखाली करणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. डरहॅम विद्यापीठाचे ज्युलियन इलियट यांनी एलेना ग्रिगोरेंको यांच्यासह २०१४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की वाचनाच्या अडचणी खऱ्या आहेत, पण 'डिस्लेक्सिया' हे लेबल शास्त्रीयदृष्ट्या ढिले आहे. ते सुस्थितीतील पालकांच्या मुलांना मिळते आणि गरिबाचे मूल तितक्याच अडचणीत असूनही 'ढ'च राहते. बुद्ध्यंक वरचा आणि वाचन खालचे असेल तरच डिस्लेक्सिया, ही जुनी व्याख्या आता मागे पडली आहे, हेही त्यांच्या बाजूचे. कोठे रेषा ओढावी त्याप्रमाणे या मुलांचे प्रमाण पाच टक्के भरते किंवा दहा. शिवाय आपल्या देशात वाचता न येणारी सगळी मुले डिस्लेक्सिक आहेत असे म्हणणे म्हणजे व्यवस्थेचे पाप मुलांच्या मेंदूवर ढकलणे होय. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी मुले ४८.८ टक्के होती. उरलेल्या निम्म्या मुलांच्या मेंदूत बिघाड आहे काय? मुळीच नाही, त्यांना कोणी नीट शिकविलेले नाही. आमच्या मते व्यवहारी मार्ग हा की प्रथम साऱ्या वर्गाला ध्वनी आणि अक्षर यांची गाठ पद्धतशीर घालून शिकवावे. एवढे केल्यावरही जे मागे उरतील त्यांना लेबलाची वाट न पाहता लहान गटात, रोज, अधिक वेळ द्यावा. दाखला नंतर मिळाला तरी चालेल. शिकवणी थांबता कामा नये.

लेबलाभोवती जमलेला बाजार मात्र कठोरपणे दूर सारावयास हवा. रंगीत भिंगे, डोळ्यांचे व्यायाम, मेंदूचे दोन गोलार्ध जुळविणाऱ्या कसरती यांच्या जाहिराती आता पणजी-मडगावापर्यंत येऊन पोहोचल्या आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदन काढून अशा भिंगांना व व्यायामांना शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले आहे. चाचणी डोळ्यांची अवश्य करावी. चष्मा लागत असेल तर लावावा. त्याने डिस्लेक्सिया जाईल ही आशा विकत घेऊ नये. दुसरा बाजार गोड बोलण्याचा. आइन्स्टाइन डिस्लेक्सिक होते, लिओनार्दो होते, असे बेधडक लिहिले जाते. मेलेल्या माणसाचे निदान कोणी करावे? २००७ च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने घराघरांत हा विषय नेला, त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. पण त्यातला मुलगा अखेरीस चित्रकलेत बक्षीस मिळवतो, आणि तेव्हापासून पालक आपल्या मुलातला दडलेला कलावंत शोधू लागले. मुलाला काहीच विशेष येत नसेल तर? साधे, चारचौघांसारखे असणाऱ्या मुलालाही वाचता येण्याचा हक्क आहे.

हक्क हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात अध्ययन-अक्षमतेला स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांच्या यादीत ती घातली. तो कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. अशा मुलांना शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापन-उपाय योजणे हे त्याच्या सोळाव्या कलमान्वये शाळांचे कर्तव्य आहे. सतराव्या कलमान्वये दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करावयाची आहे, आणि पहिली पाहणी कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत व्हावयाची होती. महाराष्ट्राने शालान्त परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्यास १९९६ मध्येच आरंभ केला. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांतील डॉक्टरांचा त्यात मोठा वाटा होता. आज बहुतेक परीक्षा-मंडळांत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सोयी मिळतात. परंतु दहावीला जादा अर्धा तास देणे म्हणजे पहिलीत न दिलेल्या शिकवणीची भरपाई नव्हे. साधने नाहीत ही सबबही आता चालण्याजोगी नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि मराठी या भाषांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी 'दाली' नावाची चाचणी-सामग्री २०१५ मध्ये तयार केली आहे. शिक्षकाने वर्गात चाळणी लावावी आणि मानसशास्त्रज्ञाने पुढची तपासणी करावी अशी तिची रचना आहे. मराठीतून चाचणी आहे आणि मराठी शाळा तिच्यापासून अनभिज्ञ आहेत, अशी स्थिती असेल तर तिला काय म्हणावे?

२०२३ पासून गोव्यात 'पर्पल फेस्ट' भरतो, दिव्यांगांच्या सन्मानार्थ देशोदेशींचे लोक येतात, याचा आम्हांला अभिमानच आहे. परंतु ही अक्षमता डोळ्यांना दिसत नाही. तिला चाकाची खुर्ची नाही की पांढरी काठी नाही, आणि उत्सवाच्या छायाचित्रात ती येत नाही. तिला हवा आहे तो वर्गातला प्रशिक्षित माणूस. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले आहे. आमच्या खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांत पट आधीच कमी. वीस-पंचवीस मुलांच्या शाळेला स्वतंत्र विशेष शिक्षक मिळणार नाही हे उघड आहे. मग केंद्रनिहाय फिरते शिक्षक नेमावेत, पहिली-दुसरीच्या प्रत्येक शिक्षकाला देवनागरीच्या ध्वनि-अध्यापनाचे आणि चाळणी-चाचणीचे प्रशिक्षण द्यावे, आणि पाचवीत इंग्रजी माध्यमात शिरणाऱ्या मुलांसाठी पहिले सहा महिने वाचनाचा वेगळा तास ठेवावा. यापैकी कशालाही मोठी इमारत लागत नाही. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी या मुलांचे विज्ञानाचे वा इतिहासाचे गुण कापू नयेत, हे तर एका परिपत्रकाचे काम आहे.

शिक्षण खात्याला आमची एक विचारणा आहे. कायद्याच्या सतराव्या कलमाखालील पाहणीत अध्ययन-अक्षमता असलेली किती मुले आणि किती मुली आढळल्या, त्यांपैकी किती जणांना दाखला मिळाला आणि किती जणांना प्रत्यक्ष शिकवणी, याचे पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रत्येक तालुक्याचे आकडे विधानसभेच्या येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावेत. पाहणी झालीच नसेल तर ती केव्हा सुरू होणार, तेवढे तरी तारखेनिशी सांगावे.